लॉगबुकात पन्नास लिहू का?

पत्राचा सारांश: कर्वेनगरच्या एका ताईंनी लिहिलंय. वय ५२, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. पन्नाशीच्या तोंडावर त्या स्कूबा डायव्हिंग शिकल्या. थिअरी आणि पूलचे धडे पुण्यात, समुद्रातले डाइव्ह अंदमानात. पुढे अ‍ॅडव्हान्स्ड कोर्सही केला. लॉगबुकात, म्हणजे डाइव्हच्या नोंदवहीत, आजवर २३ डाइव्ह आहेत. येत्या फेब्रुवारीत त्यांचा ग्रुप मालदीवच्या थेट दक्षिण टोकाला सात रात्रींच्या लाइव्हअबोर्डवर, म्हणजे राहायचं, जेवायचं, झोपायचं सगळं बोटीवरच अशा डायव्हिंग ट्रिपवर निघालाय. खर्च साडेतीन लाखांच्या घरात. दुसऱ्या महायुद्धात टॉर्पेडो लागलेलं जहाज बघायचं ताईंच्या फार मनात आहे. बोटवाल्यांची अट किमान ५० डाइव्हची, त्यावर ग्रुपचं म्हणणं, ‘लॉगबुक कोण बघतंय? लिहून टाक.’ त्यांचे मिस्टर डायव्हिंग करत नाहीत. ‘तू जा’ म्हणाले, पण तेव्हापासून घरात कामापुरतंच बोलणं होतंय. मुलगा परदेशात शिकतोय. ताई विचारतात, ‘नवऱ्याला घरी ठेवून एकटीनं एवढा पैसा उडवायचा, हा स्वार्थीपणा नाही का? पण या वयात आत्ता नाही तर कधीच नाही, असंही वाटतं.’ पत्राच्या शेवटी दोन ओळी आहेत: ‘बीपीची गोळी रोज चालू आहे, पण बीपी नॉर्मलच असतं. मेडिकल फॉर्मवर “नाही” लिहिलं तर चालेल ना? आणि कान मोकळे व्हायला मला जरा वेळ लागतो, तेवढं सोडलं तर काही त्रास नाही.’

ताई,

पत्राचा बहुतेक भाग मिस्टरांवर आणि पैशांवर खर्ची पडलाय. बीपी आणि कान मात्र शेवटी, निरोप घेता घेता आलेत. मी पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या शेवटच्या ओळींपाशीच अडकले.

पैशांचं आधी उरकून टाकते. आयुष्यभर नोकरी केलेल्या बाईनं स्वतःच्या फंडातले पैसे एकदा स्वतःवर खर्च केले, तर त्याला स्वार्थ म्हणायची घाई आपल्याकडे फार. हीच रक्कम युरोप टूरला दोघांवर गेली असती तर तुम्ही मला पत्र लिहिलं नसतं. मुलाच्या फीचा हप्ता यामुळे अडणार असेल तर गोष्ट वेगळी, पण पत्रावरून तसं वाटत नाही. ‘पैसे पाण्यात घातले’ हा विनोद कुणीतरी नातेवाईक करणारच आहे. हसा आणि सोडून द्या.

आता ट्रिपबद्दल. तुम्ही ‘मालदीवला जातेय’ असं लिहिलंय, पण मालदीव हा एकच एक समुद्र नाही. माले आणि अरी अटॉलच्या (अटॉल म्हणजे कड्यासारखी बेटांची माळ) आसपासची नेहमीची ट्रिप वेगळी आणि हुवाधू, फुवामुला, अड्डू ही दक्षिणेची ट्रिप वेगळी. अड्डू विषुववृत्ताच्याही खाली आहे. दोन बेटांमधल्या खोल फटीला तिकडे ‘कंडू’ म्हणतात. खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर मुठेचं पाणी पुलाच्या कमानींत शिरताना जसा जोर धरतं, तसाच बाहेरचा महासागर त्या फटीतून आत घुसतो. त्या जोरावरच शार्क फटीच्या तोंडाशी जमतात आणि तेच बघायला लोक जातात. त्यासाठी आपल्याला तरंगत ठेवणाऱ्या जॅकेटमधली हवा पूर्ण काढून होडीतून उडी मारायची, मध्ये कुठंही न थांबता थेट २५-३० मीटरवर फटीच्या काठाशी पोचायचं, मेलेल्या खडकात हुक अडकवायचा आणि प्रवाहात तरंगत राहायचं.

हे वाचून तुमचे कान आठवले ना? पाण्याच्या दाबानं बसलेले ज्याचे कान हळूहळू मोकळे होतात, तो आठ मीटरवर थांबतो. त्यात काही चूक नाही, तसंच थांबायला हवं. पण तोवर बाकीचे पाच जण काठाला पोचलेले असतात आणि प्रवाह तुम्हाला फटीवरून आत ओढून नेत असतो. आता गाइडनं कुणाकडे बघायचं? घाईत जोर करून कान फुंकले तर पडद्याला इजा होते आणि उरलेला आठवडा डेकवर बसून काढावा लागतो. कर्नाटकातल्या नेत्राणीला किंवा अंदमानातल्या स्वराज द्वीपला अँकरच्या दोरीला धरून निवांत खाली जाताना ही अडचण अडचण वाटत नाही. कंडूत दोरी नसते.

दुसरा हिशोब हवेचा. तुम्ही बँकेतल्या आहात, आकडे मांडते. १२ लिटरचा सिलिंडर २०० बारला भरला की त्यात साधारण २४०० लिटर हवा मावते. त्यातले ५० बार, म्हणजे ६०० लिटर, वर येण्यासाठी राखून ठेवायचे. वापरायला उरले १८००. पृष्ठभागावर तुम्हाला मिनिटाला २० लिटर लागतात असं धरू. दर दहा मीटरला दाब एका वातावरणानं वाढतो, त्यामुळे ३० मीटरवर तोच श्वास चौपट हवा खातो, मिनिटाला ८० लिटर. म्हणजे तिथं राहिलात तर जेमतेम बावीस मिनिटं. घाबरून किंवा प्रवाहाविरुद्ध पाय मारून श्वास दुप्पट झाला तर अकरा. पन्नास डाइव्हची अट लोकांना शिष्टपणाची वाटते, पण तिच्यामागे हा हिशोब आहे. सवयीनं श्वास संथ होतो, तरंगणं हाताळता येतं आणि हवा दाखवणाऱ्या गेजकडे आपोआप नजर जाते. पन्नास या आकड्यात जादू नाही, चाळीस उत्तम डाइव्ह केलेला माणूस साठवाल्यापेक्षा सरस असू शकतो. पण तेवीसचे पन्नास लिहिल्यानं फुप्फुसांना काही कळत नाही.

लॉगबुक कोण बघतंय, हे तुमच्या मैत्रिणी अगदीच खोटं सांगत नाहीत. बऱ्याच बोटींवर नुसतं चाळतात. पण पहिला डाइव्ह तपासणीचा असतो आणि अनुभवी गाइडला दहा मिनिटांत सगळं समजतं. मग तो तुम्हाला अवघड डाइव्हना बसवून ठेवेल, किंवा स्वतः तुमच्याच मागं राहील आणि बाकीच्यांची सहल आखडेल. त्याहून मला खटकतं ते वेगळंच. तुमच्या जोडीला जो बडी असेल, तो तुमच्या पन्नास डाइव्हवर विसंबून खाली येणार आहे. त्याची हवा संपली तर तो तुमच्याकडे येईल.

आता बीपी. गोळी घेऊन बीपी नॉर्मल राहतं, याचा अर्थ बीपी नाही असा होत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. नाहीतर विचारलंच नसतं. डायव्हिंगच्या मेडिकल फॉर्मवर पंचेचाळिशीपुढच्या लोकांसाठी उच्च रक्तदाबाचा प्रश्न मुद्दाम वेगळा घातलेला असतो. पाण्यात शिरलं की बाहेरच्या दाबानं पायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं आणि हृदयावरचा भार वाढतो. त्यात थंडावा, प्रवाह आणि धास्ती यांची भर. रक्तदाब असलेल्या, वयानं मोठ्या डायव्हरांमध्ये कधी कधी पाण्यातच फुप्फुसांत द्रव साठतो, त्याला इमर्शन पल्मोनरी इडिमा म्हणतात. धाप लागते, खोकला येतो आणि माणसाला वाटतं, आपण उगाच घाबरलोय. शिवाय तुमची गोळी कुठली, हेही महत्त्वाचं. बीटा ब्लॉकर गटातली असेल तर जोराची मेहनत करताना हृदयाची गती हवी तेवढी वाढत नाही. प्रवाहात नेमकी तीच हवी असते.

हे ऐकून ट्रिपच रद्द करू नका. बीपी नीट आटोक्यात असलेले कितीतरी लोक वर्षानुवर्षं डायव्हिंग करतात. फॉर्मवर ‘हो’ लिहिण्याची किंमत एवढीच, की डॉक्टरांची तपासणी आणि सही लागते. फॅमिली डॉक्टरांकडून पाच मिनिटांत सही घेऊन येऊ नका. फॉर्मसोबत डॉक्टरांसाठीच्या सूचना असतात, त्या छापून हृदयरोगतज्ज्ञांकडे न्या आणि तीस मीटर, प्रवाह, दिवसाला तीन-चार डाइव्ह हे शब्द उच्चारून सांगा. ते टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून करतात ती हृदयाची चाचणी) करायला सांगतील, कदाचित गोळी बदलतील. बदललीच तर नव्या गोळीवर काही आठवडे जाऊ द्या. अजून वेळ आहे, म्हणूनच हे आत्ता लिहितेय. दर रविवारी सिंहगड चढता असंही तुम्ही लिहिलंय. ते चांगलंच आहे, पण तो पुरावा डॉक्टरांपुढे ठेवा, फॉर्मवरच्या उत्तराऐवजी नको. आणि विमा? डायव्हिंगचा वेगळा विमा काढाच, साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत डायव्हिंग बहुधा बसत नाही किंवा खोलीची मर्यादा असते. पण आजार लपवून काढलेली पॉलिसी आणि न काढलेली पॉलिसी यांत क्लेमच्या दिवशी फरक उरत नाही. दूरच्या बेटावरून उचलून हायपरबॅरिक चेंबरपर्यंत (डायव्हरांवर वाढीव दाबाखाली उपचार करतात ती खोली) नेण्याचं बिल त्या साडेतीन लाखांत बसणार नाही.

आता मिस्टरांकडे येऊ. ते गप्प आहेत म्हणजे त्यांचा विरोध आहे, असं तुम्ही धरून चाललात. मला तीन शक्यता दिसतात. ते घाबरलेत. किंवा त्यांना आपण वगळले गेलो असं वाटतंय. किंवा तुम्ही विचारलं नाहीत, ठरवून सांगितलंत, याचं लागलंय. तिन्हीची औषधं वेगळी आहेत आणि ‘तुम्ही उगाच काळजी करता’ हे तिन्हींवर चालत नाही. एकदा जेवणानंतर सरळ विचारा, ‘तुम्हाला नेमकं काय खुपतंय?’ आणि उत्तर येईपर्यंत थांबा. आपल्याकडे पुरुष पहिल्या मिनिटाला ‘काही नाही’ म्हणतात. दुसऱ्या मिनिटाची वाट बघावी लागते.

भीतीच असेल, तर तिला कागद दाखवा: बोटीचं नाव, मार्ग, विम्याचा नंबर, डॉक्टरांचं पत्र. आता सांगा, ज्या फॉर्मवर तुम्ही बीपी लपवलंय तो त्यांच्यापुढे कसा ठेवाल? तुमची गोळी रोज सकाळी त्यांच्यादेखतच घेतली जाते. मला तर शंका येते, त्यांच्या गप्प बसण्याचं मूळ तिथंच असेल. ‘लिहून टाक’ हे फोनवरचं बोलणं त्यांनी ऐकलं नसेलच असं नाही.

वगळल्याचं दुःख असेल, तर त्यांना बोटीवर नेऊ नका. डायव्हिंग न करणाऱ्याला तिथं सकाळी सहापासून सिलिंडरचे आवाज ऐकण्यापलीकडे काम नसतं. त्याऐवजी ट्रिपच्या शेवटी त्यांना बोलवा. बरेच दिवस रोज अनेक डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास थांबायचं असतं, बहुतेक बोटवाले २४ सांगतात. शरीरात साठलेला नायट्रोजन तोवर बाहेर पडतो. तसंही तुम्हाला थांबायचंच आहे, मग एकाच्या जागी तीन दिवस थांबा. लोकवस्तीच्या बेटांवर आता परवडणारी गेस्टहाऊस आहेत. ते त्या दिवशी पोचतील, तुम्ही बोटीवरून उतराल. (हाच नियम घाटालाही लागू आहे बरं का. मालवणकडे दिवसभर खोल डाइव्ह करून संध्याकाळी गाडीनं आंबोली चढणारे पुणेकर मी पाहिलेत. उंचीवर गेलं की हवेचा दाब कमी होतो, मग विमान असो की आपली गाडी. तारकर्लीच्या उथळ पाण्यातल्या हौशी डाइव्हची गोष्ट वेगळी, पण खरे डाइव्ह केले असतील तर रात्र खालीच काढावी.)

मग जायचं की नाही? माझ्या मते फेब्रुवारीत दक्षिणेला नको. तुमच्यापुढचा सगळ्यात चांगला रस्ता मध्य मालदीवच्या ट्रिपचा. अरी, वावू, माले अटॉल. तिथं माया थिलासारखं पाण्याखालचं टेकाड आहे, फेस्दूजवळ बुडालेलं मासेमारी जहाज आहे, दक्षिण अरीत व्हेल शार्क वर्षभर दिसतात, अलिमाथाला रात्री नर्स शार्क पायांजवळून फिरतात. कंडू तिथंही आहेत आणि वाऱ्यापावसाच्या दिवशी तेही सोपे नसतात, पण गाइडच्या हाताशी सौम्य जागाही असतात आणि अनुभवाची अट बऱ्याच बोटींवर सैल असते. त्याआधी नोव्हेंबर-डिसेंबरात अंदमानात एक आठवडा घालवा. डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज अशा जरा खोल जागा मागा. इन्स्ट्रक्टरला आधीच सांगा की मला हवेचा वापर, कान आणि पाण्यात न हलता थांबणं एवढ्यावरच काम करायचंय. सरफेस मार्कर बॉय (पाण्यावर उभा राहणारा खुणेचा फुगा) स्वतःच्या हातानं पाच मीटरवरून वर सोडायलाही तिथंच शिका. प्रवाहात वाहून गेलात तर तुमच्या होडीला तुमची जागा तोच दाखवतो. नायट्रॉक्सचा, म्हणजे जास्त ऑक्सिजन आणि कमी नायट्रोजन असलेल्या हवेचा कोर्सही करा, दिवसाला तीन-चार डाइव्ह असतील तर त्याचा उपयोग होतो. फक्त नायट्रॉक्स खोल जाण्यासाठी नसतो, हे पक्कं लक्षात ठेवा. ३२ टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणाला उलट खोलीची मर्यादा येते, साधारण ३४ मीटर.

दुसरा मार्गही आहे. दक्षिणेच्या बोटवाल्यांना खरा आकडा कळवा आणि स्वतंत्र गाइड घेतला तर नेतील का, ते विचारा. काही ठिकाणी होतं. जास्तीचे पैसे पडतील आणि काही डाइव्हना ‘तुम्ही वरच थांबा’ हे ऐकून घ्यावं लागेल. कानांचा प्रश्न तसाच राहिला असेल तर मी हा मार्ग घेणार नाही.

‘आत्ता नाही तर कधीच नाही’ यातलं अर्धं खरं आहे. प्रवाळांचा काही भरवसा नाही. १९९८ मध्ये समुद्र तापला तेव्हा मालदीवचे उथळ पाण्यातले बहुतेक प्रवाळ मेले, २०१६ मध्ये पुन्हा फटका बसला आणि एप्रिल २०२४ मध्ये चौथं जागतिक ब्लीचिंग (तापलेल्या पाण्यानं प्रवाळ पांढरे पडणं) जाहीर झालं. पाच-दहा वर्षं टाळत राहा, असं मी म्हणणारच नाही. पण तुमचं वय आड येत नाही. साठी ओलांडलेले लोक त्याच बोटींवर भेटतील. आणि तुमचं जहाज तर आणखीनच निवांत आहे. ते ब्रिटिश लॉयल्टी असणार. या तेलवाहू जहाजाला १९४२ मध्ये मादागास्करच्या बंदरात जपानी छोट्या पाणबुडीनं टॉर्पेडो मारला. ते वर काढून अड्डूला तेलाची टाकी म्हणून उभं केलं. १९४४ मध्ये जर्मन पाणबुडीनं ते तिथंही गाठलं आणि १९४६ मध्ये ब्रिटिशांनी स्वतःच बुडवलं. तेव्हापासून ते सुमारे तेहतीस मीटरवर पडून आहे. पुढच्या मोसमात तुम्ही साठ डाइव्ह करून जाल तेव्हाही तिथंच असेल, आणि मालदीवच्या तीस मीटरच्या मर्यादेत राहूनही त्याचा बराचसा भाग नीट बघता येतो.

कुठलीही बोट ठरवा, पैसे भरण्याआधी आयोजकांना चार गोष्टी विचाराच. आपल्याकडे लोक जेवणात पोळी मिळेल का, हे आधी विचारतात. झोपायच्या केबिनमधून बाहेर पडायला दुसरी वाट आहे का? रात्रभर कुणी जागा पहारा देतं का? कॅमेऱ्याच्या आणि टॉर्चच्या बॅटऱ्या कुठं चार्ज होतात? ऑक्सिजनचा साठा किती? २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात ‘कन्सेप्शन’ नावाच्या अशाच डायव्हिंग बोटीला पहाटे आग लागली आणि खाली झोपलेले ३४ जण गेले. रात्री पहाऱ्यावर कुणी नव्हतं, त्याबद्दल कप्तान पुढे दोषी ठरला. नोव्हेंबर २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात ‘सी स्टोरी’ ही डायव्हिंग बोट बुडाली. पहिल्या दिवशी सेफ्टी ब्रीफिंग झालं की स्वतः उठून त्या दुसऱ्या वाटेनं एकदा बाहेर पडून बघा. लोक हसतील, हसू देत.

ग्रुपला काय सांगायचं, हे अवघड वाटत असेल तर एवढंच लिहा: ‘माझे २३ आहेत, अट ५० ची आहे, या वेळी मी येत नाही. मार्चमध्ये अरीला कोण येणार?’ अटीला घाबरून गप्प बसलेलं आणखी कुणीतरी त्या ग्रुपमध्ये निघेल, तोच तुमचा बडी. अ‍ॅडव्हान्स भरला असेल तर रद्द करण्याच्या अटी आजच बघा, उशीर होईल तसा परतावा कमी होत जातो.

ता. क. चष्म्याचा नंबर आहे असं तुम्ही मध्येच कुठंतरी लिहिलंय. मास्कला नंबरच्या काचा बसवून मिळतात, अंदमानला जाण्याआधीच करून घ्या. पन्नाशीनंतर जवळचंही दिसेनासं होतं आणि मनगटावरच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचता यायलाच हवेत, म्हणून दुकानदाराला लांबचा आणि जवळचा, दोन्ही नंबर सांगा.